फोनवरचा मोजा

व्हर्नाचं लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. व्हर्ना ही लेलंड ब्रांडवोल्डची थोरली बहीण. ऑगस्ट संपत आला होता, मक्याची कणसं भरली होती, आणि डेअरीची दुधाची गाडी हाकणाऱ्या तरुणाशी तिचं लग्न लागलं. चर्चमध्ये सगळे उठून उभे राहिले तेव्हा आई एकटीच बसून राहिली. निळा झगा तिच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. लोकांनी विचारलं तर म्हणाली, "नवे बूट चावतात." बूट जुने होते. ते सगळ्यांना दिसत होतं, पण लग्नघरात कोण कशाला बोलेल?

सप्टेंबरात लेलंड कॉलेजला निघाला तेव्हा ती अंगणाच्या फाटकापर्यंत आली. त्याचं ते तिसरं वर्ष होतं. कॉलेज टेकडीवर, घरापासून बसने दीड तासावर. ती म्हणाली, "शर्यत झाली की ये आणि सांग."

"जिंकलो तर सांगतो."

"जिंकलास की नाही ते पेपरात येतं. कोण पडलं ते येत नाही."

ही तिची जुनी खोड. लेलंड शाळेत पळायला लागला तेव्हापासून ती एकच विचारायची, कोण पडलं का? आणि कोणी पडलं असेल तर, लागलं का? मग कॉफी ओतायची.

लेलंड राहायचा ते घर मंडळाचं. त्या कॉलेजात मुलांची अशी सहा-सात बंधुमंडळं होती. प्रत्येकाचं नाव ग्रीक अक्षरांचं, प्रत्येकाचं घर वेगळं, प्रत्येकाची गुपितं आणि शपथा वेगळ्या. लेलंडच्या मंडळात तीस पोरं होती. एका टेबलावर जेवायची, एकमेकांना भाऊ म्हणायची आणि एकमेकांचे मोजे चोरायची. देखरेखीला ओटावेबाई होत्या. त्या विधवा होत्या, चष्म्याला साखळी लावायच्या आणि जेवताना कोणी कोपर टेबलावर टेकलं की चमचा वाजवायच्या. मंडळाचा अध्यक्ष हार्लन प्रुइट शेवटच्या वर्षाला होता. उंच, हसरा, बोलायला लागला की पाद्री आणि गुरांचा दलाल दोघांनाही मागे टाकील असा. लेलंडचा जिवाभावाचा मित्र तोच.

दरवर्षी सगळ्या मंडळांत मिळून एक कप असायचा. खेळांत, अभ्यासात, मानसन्मानात ज्या घराचे गुण जास्त, त्या घराच्या चुलीवरच्या फळीवर तो वर्षभर बसायचा. लेलंड क्रॉसकंट्रीचा कप्तान होता, म्हणजे शेतांतून आणि टेकड्यांवरून चार मैल पळणाऱ्यांचा म्होरक्या. घराचे निम्मे गुण त्याच्या पायांत आहेत असं हार्लन म्हणायचा.

आता मोज्याचं. आदल्या साली मोठ्या शर्यतीच्या दिवशी सकाळी लेलंडला फोन आला होता. त्याने मंडळाची पिन, म्हणजे कोटाला लावायचा बिल्ला, एका मुलीला दिली होती. त्यांच्यात पिन दिली म्हणजे अर्धा साखरपुडाच. ती पोरगी फोनवर म्हणाली, पिन टपालाने परत पाठवतेय. लेलंड पळाला, अकरावा आला, कप गेला. त्या रात्री त्यानेच सभेत उठून सांगितलं, "शर्यतीच्या दिवशी पळणाऱ्याला कुठलाही निरोप द्यायचा नाही. घराला आग लागली तरी शेवटची रेघ ओलांडल्यावर सांगा." सगळ्यांनी हात वर केले. मग तो वर गेला, आपला एक लाल लोकरी मोजा घेऊन आला आणि जिन्याखालच्या फोनच्या रिसीव्हरवर चढवला. पोरं हसून लोळली. तेव्हापासून तो रिवाजच झाला. शर्यतीच्या सकाळी मोजा चढायचा. फोन वाजला तर पाळीवरचा उमेदवार, म्हणजे मंडळात यायला बघणारा नवा पोरगा, उचलायचा आणि म्हणायचा, "घर झोपलंय, दुपारनंतर करा." एकदा डीनसाहेबांनाही तसंच सांगितलं. ती गोष्ट पोरं पाहुण्यांना रंगवून सांगायची.

ऑक्टोबरात आई अंथरुणाला खिळली. व्हर्ना रविवारी फोन करायची. पोटात गाठ आहे, डॉक्टर येऊन जातो, बाबा काही बोलत नाहीत. लेलंड एकदा जाऊन आला. आई म्हणाली, "एवढी तोंडं काय करता? मी अजून आहे." मोठी शर्यत नोव्हेंबरात, शनिवारी होती. रविवारी सकाळच्या बसने येतो असं त्याने कबूल केलं.

"बघ हं," ती म्हणाली, "वाट बघेन."

शर्यत त्यांच्याच कॉलेजच्या टेकडीवर होती. सकाळी बर्फ भुरभुरत होतं. लेलंडने स्वतःच मोजा चढवला, टोस्ट खाल्ला आणि वर जाऊन बुटांना तेल लावत बसला. थोड्या वेळाने खाली फोन वाजला. त्याने तो ऐकला. रिवाजाप्रमाणे त्याने कान बंद केले.

पाळी ड्यूई स्ट्राउडची होती. ड्यूई नवा उमेदवार, अजून मंडळात घेतलेला नव्हता. डोळ्याला डोळा भिडवून कोणाशी बोलायची त्याला परवानगी नव्हती. पलीकडून व्हर्ना होती.

"लेलंडला दे."

"घर झोपलंय बाई, दुपारनंतर करा."

"अरे मेल्या, त्याची आई जातेय! त्याला लगेच निघायला सांग. ती त्याचं नाव घेतेय."

ड्यूई धावत हार्लनकडे गेला. हार्लन आरशासमोर टाय बांधत होता. ऐकून त्याचा हात थांबला. मग तो म्हणाला, "बस साडेअकराला आहे. शर्यत दोनला. निघाला तर शर्यत गेली."

"मग सांगू ना?"

"त्यानेच काय सांगितलं होतं? घराला आग लागली तरी." हार्लनने गाठ आवळली. "दुखणाईत माणसं एका दिवसात जात नाहीत रे. माझा आजा तीन वेळा मरणार होता, अजून डुकरं पाळतोय. शर्यत झाली की मी स्वतः गाडीने सोडतो. उद्याच्या बसच्या आधी पोचेल."

हार्लनला कपाचा मोह होता, हे खरं. पण लेलंडवर त्याचा जीव होता, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच खिशात होत्या आणि कुठली हाताला लागली ते त्याचं त्यालाही कळलं नसावं.

लेलंड जिंकला. शेवटच्या चढावर त्याने दोघांना मागे टाकलं आणि गोठलेल्या चिखलातून एकटा खाली आला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, गाणं म्हटलं, त्याच्या डोक्यावर सफरचंदाचं सायडर ओतलं. खांद्यावरून त्याला दिसलं, हार्लन गाणं म्हणत नव्हता. हातात गाडीची किल्ली धरून फाटकाशी उभा होता.

"आईचा फोन होता," हार्लन म्हणाला. "म्हणजे बहिणीचा. सकाळी."

लेलंड तसाच, चिखलाच्या बुटांनी, गाडीत बसला. शेताशी पोचले तेव्हा अंधार पडत होता आणि सगळ्या खोल्यांत दिवे होते. ब्रांडवोल्डांच्या घरात दिवा एका वेळी एकाच खोलीत लागायचा. लेलंडला तिथेच कळलं.

बाबा स्वयंपाकघरात बसले होते. म्हणाले, "कॉफी आहे."

व्हर्ना म्हणाली, "तीनपर्यंत शुद्धीवर होती. दाराकडे बघत होती. मी फोन केला होता, लेलंड. मी सांगितलं होतं त्या पोराला."

लेलंडने कॉफी घेतली. ती गरम होती की गार, ते त्याला सांगता आलं नसतं.

आईला पुरल्यानंतर तो आठवडाभराने परतला. मंडळाच्या घरात पोरं उठून उभी राहिली. ओटावेबाईंनी त्याच्या ताटात दोनदा मांस वाढलं आणि कोपर टेबलावर टेकलं तरी चमचा वाजवला नाही. जेवण झाल्यावर ड्यूई त्याच्या खोलीच्या दारात आला. हातात उमेदवाराने कोटाला लावायचं बटण होतं.

"मी मंडळ सोडतो. मी सांगायला हवं होतं."

"लाव ते परत," लेलंड म्हणाला. "तू नियम पाळलास."

मग हार्लन आला. दार लावून घेऊन उभा राहिला. "एक ठेवून दे माझ्या तोंडावर. मी हात वर करणार नाही."

लेलंडने त्याच्याकडे पाहिलं. मारावंसं वाटतंय का ते आत शोधून पाहिलं. काही सापडलं नाही. राग यायला कोणी तरी दुसरं लागतं. नियम त्याचा होता, मोजा त्याचा होता, आणि फोन वाजलेला त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला होता.

"झोप जा, हार्लन," तो म्हणाला.

कडाक्याच्या थंडीत गाय पिळताना बोटं बधिर होतात, तरी बादली भरतच राहते. तसा तो हिवाळा गेला. नाताळात तो घरी गेला, गोठा झाडला, परत आला. जानेवारीत छपराखालच्या शर्यती सुरू झाल्या, तो मैल पळाला आणि जिंकला. मग सभा भरवून उमेदवारांना मंडळात घेतलं. मेणबत्त्या लावून ड्यूईने शपथ घेतली तेव्हा पुस्तक लेलंडनेच धरलं. फेब्रुवारीत नाच झाला. एका मुलीने त्याला विचारलं, "तू बोलत का नाहीस?" तो म्हणाला, "नाचतोय ना." त्याच्या स्वेटरच्या बाहीवर तिसरी पट्टी शिवली गेली, कप्तानाचा तारा आला. अभ्यासातल्या मानकऱ्यांच्या यादीत नाव लागलं, कारण रात्री झोप नसली की माणूस पुस्तक उघडतो. मार्चमध्ये पोरांनी त्याला पुढच्या वर्षाचा अध्यक्ष निवडलं. त्याने आभार मानले आणि लाकडं फोडायला गेला.

जानेवारीतल्या त्या पहिल्या शर्यतीच्या सकाळी एक गोष्ट झाली. मोजा फोनशेजारच्या खिळ्यावर टांगलेला होता. नोव्हेंबरपासून त्याला कोणी हात लावला नव्हता. पोरं जिन्यावर घुटमळत होती. लेलंड खाली आला, खिळ्यावरचा मोजा काढला, रिसीव्हरवर चढवला आणि न्याहारीला बसला. पोरांनी सुटकेचा श्वास टाकला. ओटावेबाईंनी मात्र कॉफीची किटली आदळली.

"हे कसलं?"

"नियम आहे, बाई."

"नियम!" त्या म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याचाही नियम होता, डॉक्टरकडे जायचं नाही. आता कबरस्तानात पाळतोय."

टेबलावर कोणी हसलं नाही. लेलंडने लोणी मागितलं.

मे महिन्यात मानाचा दिवस आला. शेवटच्या वर्षातली निवडक पोरं काळे झगे घालून जुन्या एल्मच्या झाडाखाली यायची, तिसऱ्या वर्षाची पोरं गोल करून उभी असायची, आणि झगेवाले मागून येऊन ज्याच्या खांद्यावर थाप मारतील तो त्यांच्या मंडळीत गेला. अख्ख्या कॉलेजात याहून मोठा मान नव्हता. आया-बाप गाड्या घेऊन बघायला यायचे. लेलंड उभा राहिला. त्याच्या बाबांनी येतो असं म्हटलं नव्हतं आणि ते आले नव्हते. पेरणीचे दिवस होते.

थाप त्याच्या उजव्या खांद्यावर पडली. रिवाज असा की थाप जोरात मारायची, माणूस अडखळायला हवा. ही थाप हळू पडली, आणि हात खांद्यावरून उचलला गेला नाही. लेलंडने मान वळवली. काळ्या टोपीखाली हार्लनचं तोंड होतं, डोळे लाल.

"चल," हार्लन म्हणाला, "खोलीवर जा." रिवाजात तेवढंच बोलायचं असतं. लेलंड खोलीवर गेला. मागे लोक टाळ्या वाजवत होते. त्याला त्या पत्र्यावर पडणाऱ्या गारांसारख्या ऐकू आल्या.

त्याच महिन्यात मैदानी खेळांची मोठी स्पर्धा त्यांच्या कॉलेजात भरली. कपाचे गुण जुळत आले होते. शेवटची लढत लेलंडच्या घराची आणि रस्त्यापलीकडच्या घराची होती. लेलंडने आपला मैल जिंकला की गुण बरोबरीत, आणि अडथळ्यांच्या शर्यतीत मायलो क्राट्झ पहिल्या तिघांत आला की कप घरात. मायलो म्हणजे लांब पायांचा, झोपाळू पोरगा. अडथळा पार करताना जांभई देतो असं म्हणायचे.

सकाळी लेलंडने मोजा चढवला. पोरं पुढे मैदानावर गेली, पाळीवरचा पोरगाही नळीचं पाणी भरायला गेला. लेलंड खिळ्यांचे बूट हातात घेऊन जिना उतरत होता. फोन वाजला.

तो थांबला. फोन वाजत राहिला. लाल मोज्याच्या आत आवाज जरा दबका येत होता, पण येत होता. नोव्हेंबरातही असाच आला असणार. लेलंडने मोजा ओढून काढला आणि रिसीव्हर उचलला.

"घर," तो म्हणाला. पुढचा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही.

"मायलो आहे का?" एका म्हातारीचा आवाज. "त्याला घरी फोन करायला सांगा. लगेच."

"काय झालं, आजी?"

"त्यालाच सांगेन," असं म्हणून तिने फोन ठेवला.

लेलंड मैदानावर पोचला तेव्हा मायलो वाकून पाय ताणत होता. अडथळे मांडून झाले होते. हार्लनने लांबूनच लेलंडचं तोंड पाहिलं आणि धावत आला.

"काय आहे?"

"मायलोच्या घरून फोन."

"अर्ध्या तासात शर्यत आहे, लेलंड. नंतर..." हार्लनने वाक्य तिथेच गिळलं. मग तो खाली बघून म्हणाला, "सांग त्याला."

लेलंडने सांगितलं. मायलोचं तोंड पांढरं पडलं. तो पळत सुटला, अडथळा नसताना असं पळताना त्याला कोणी पाहिलं नव्हतं. घरची लाइन लागेना. ऑपरेटर दुसऱ्याशी बोलत बसली. इकडे त्याचं नाव तीनदा पुकारलं. शेवटी राखीव म्हणून ड्यूईला उभं केलं. ड्यूईने जन्मात दोनदा अडथळे ओलांडले होते. शेवटच्या अडथळ्यापर्यंत तो चौथा होता, तिसऱ्याच्या अगदी टाचेवर. तिथे पाय अडकला आणि तो धावपट्टीवरच्या कोळशाच्या राखेत पालथा पडला.

लेलंडने आपला मैल जिंकला, तरी कप रस्त्यापलीकडे गेला.

मायलो संध्याकाळी जेवायला आला तेव्हा सगळे त्याच्याकडे बघत होते.

"आजी होती," तो म्हणाला.

"मग? बरी आहे ना?" ओटावेबाईंनी विचारलं.

"बरी आहे. तिला विचारायचं होतं, रविवारी जेवायला येणार का. हॅम किती मोठा भाजायचा ते ठरवायचं होतं."

मग कोणी तरी म्हणालं, "डुकराच्या मांडीपायी कप गेला!" आणि सगळी पोरं एकदम बोलायला लागली. "अध्यक्ष महाराज, पुढच्या वर्षी बटाटे किती उकडायचे तेही शर्यत थांबवून विचारा!" "मायलो, निदान आम्हाला तरी वाढ रे तो हॅम!" ड्यूई गुडघ्याला पट्टी बांधून बसला होता, तोही हसत होता. हार्लन हसत नव्हता. तो लेलंडकडे बघत होता.

मायलो म्हणाला, "एक्याऐंशी वर्षांची आहे रे ती. मी येतो म्हटलं."

"बरं केलंस," लेलंड म्हणाला.

जेवण झाल्यावर त्याने जिन्याखाली जाऊन मोजा शोधला. सकाळी घाईत तो जमिनीवर टाकला होता, कोणाचा तरी पाय पडला होता. त्याने तो झटकला, खिळ्यावर टांगायला हात वर केला, आणि मग टांगला नाही. खिळाच उपटला. मोजा खिशात घातला. सभा वगैरे काही घेतली नाही. पोरांनी विचारलं तर म्हणाला, "फोन वाजला की उचलायचा. ज्याचा असेल त्याला द्यायचा. एवढंच."

"आणि कप?" कोणी तरी म्हणालं.

"कप मग बघू."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तो पहिल्या बसने घरी गेला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. बाबा गोठ्यात होते. दोघांनी मिळून गुरांना चारा घातला. मग स्वयंपाकघरात आले. बाबांनी किटली ठेवली. आई गेल्यापासून त्या घरात शर्यतीचं नाव कोणी काढलं नव्हतं, लेलंडनेही काढलं नव्हतं. त्या दिवशीचा पेपर टेबलावर पडला होता, त्यात बातमी असणार. बाबांनी तो उघडलेला नव्हता.

त्यांनी कप पुसला, ठेवला, परत उचलून पुसला. आणि खिडकीकडे तोंड करून, ओझं उचलावं तसं, म्हणाले,

"कोण पडलं का?"

लेलंडने खुर्चीची पाठ धरली.

"ड्यूई पडला. शेवटच्या अडथळ्याला."

"लागलं का?"

"गुडघा सोलला. बरा आहे."

"हं," बाबा म्हणाले आणि कॉफी ओतली.

लेलंडने घोट घेतला. जीभ भाजली. त्याने कप खाली ठेवला, आणि किती तरी महिन्यांनी भाजलेलं त्याला कळलं. तो रडला नाही. दोघांनी कॉफी संपवली, लेलंडने कप धुतले, आणि उन्हं खाली आल्यावर दोघं चर्चमागच्या टेकाडावर, आईच्या कबरीशी गेले. खिशातला मोजा त्याने तिथे दगडाशी ठेवला नाही, कारण आईला पसारा आवडत नसे. तो त्याने घरी येऊन बाबांच्या चुलीत टाकला.

दगडावर लिहिलेलं पोस्टमन, पाद्री आणि येणारा-जाणारा कोणीही वाचू शकतो. सिग्ने ब्रांडवोल्ड, लेलंड आणि व्हर्नाची आई, शनिवार, दहा नोव्हेंबर एकोणीसशे एक्कावन्न रोजी दुपारी आपल्या घरी वारली.